कुरकुर आणि झंकार

दिल्लीहून उत्तरेस सुमारे 90 किलोमीटर गेले म्हणजे पानिपत लागते, आणि पानिपत शहराच्या बाहेर काला अंब नावाची जागा आहे. 14 जानेवारी 1761 रोजी मराठ्यांचे सैन्य अहमदशहा अब्दालीशी जेथे झुंजले, त्या रणभूमीची ही खूण होय. येथे पूर्वी आंब्याचे एक झाड होते आणि रक्ताने भिजलेल्या मातीमुळे ते काळे पडले, अशी लोककथा आहे. पुढे ते झाड वठले व त्याच्या लाकडाची दारे घडविण्यात आली, असे सांगतात. आता त्या ठिकाणी विटांचा एक स्तंभ तेवढा उभा आहे. महाराष्ट्रातून उत्तरेकडे जाणारा मराठी माणूस वाट वाकडी करून तेथे जातो, क्षणभर उभा राहतो, आणि त्याला भाऊसाहेब आठवतात, विश्वासराव आठवतात, जनकोजी शिंदे आठवतात.

एक माणूस मात्र तेथे कोणालाच आठवत नाही. तो म्हणजे शिकलगार. तलवारीला धार देणारा, पात्यावरचा गंज काढून तिला आरशासारखी लकाखी आणणारा हा कारागीर प्रत्येक फौजेला लागे. तलवार मोडली की ती इतिहासजमा होते. परंतु तिला धार लावणारा हात कोठे जातो? तोफा आणि बंदुका आल्या, पुढे संस्थानांच्या फौजा मोडल्या, आणि धार लावण्यासाठी तलवारच उरली नाही, तेव्हा त्या हाताने काय केले? या प्रश्नाचे एक उत्तर महाराष्ट्राच्या दक्षिण टोकाला, कृष्णाकाठापासून जवळच असलेल्या मिरज गावात मिळते. त्या हाताने तंबोरा घडविला.

मिरज पटवर्धनांच्या संस्थानाचे गाव. मिरजेत पिढ्यान् पिढ्या सांगितली जाणारी हकीकत अशी की, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास संस्थानात गवयांचे येणेजाणे वाढले. पण त्यांची वाद्ये नादुरुस्त झाली म्हणजे ती नीट करणारा माणूस आसपास मिळेना. तेव्हा हत्यारांवर काम करणाऱ्या शिकलगारांपैकी फरीदसाहेब आणि मोईनुद्दीन यांनी हे काम हाती घेतले. आधी त्यांनी दुसऱ्यांची वाद्ये दुरुस्त केली. दुरुस्त करता करता ती कशी बनतात हे जाणले. आणि मग स्वतःच बनवू लागले. त्या कुळांना पुढे ‘सतारमेकर’ हेच आडनाव पडले. आज मिरजेत ज्या गल्लीत तंबोरे आणि सतारी घडतात, तेथील बहुतेक घरांचा वंश या शिकलगारांशी जाऊन मिळतो. मिरजेची सगळी कीर्ती अशा रीतीने दुरुस्तीतून जन्माला आली, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. नवे करण्यापूर्वी बिघडलेले समजून घ्यावे लागते, हा धडा त्या गल्लीने पहिल्याच दिवशी गिरविला.

तंतुवाद्यातले बिघडणे म्हणजे तरी काय? ते समजण्यासाठी तार आणि लाकूड यांचा संबंध पाहिला पाहिजे. तार नुसती ताणली आणि छेडली तर तिचा आवाज हातभर अंतरावरही नीट ऐकू येत नाही. तार बारीक; ती हवा कितीशी हलविणार? तिचे कंपन एखाद्या रुंद आणि पातळ पृष्ठभागावर उतरले पाहिजे, म्हणजे तो पृष्ठभाग हवेला हलवील आणि नाद सभागृहात पोहोचेल. तार आणि तो पृष्ठभाग यांच्यामध्ये उभा असलेला जो लहानसा पूल, त्याला मराठी कारागीर घोडी म्हणतात. गंमत अशी की, गिटार बनविणारे पाश्चात्त्य लोक त्यांच्या पुलावर प्रत्येक तारेसाठी जी बैठक करतात तिला सॅडल, म्हणजे खोगीर, म्हणतात. दोन दूरच्या देशांतील कारागिरांना तार ही स्वारच वाटली. एकाने तिला घोडी दिली, दुसऱ्याने खोगीर दिले.

स्वार डगमगू लागला की दोष त्याचा, घोडीचा की रस्त्याचा, हे ओळखणे सोपे नसते. विजेच्या गिटारीचेच उदाहरण घेतले तर हे स्पष्ट होईल. हे वाद्य 1930 नंतर अमेरिकेत पुढे आले. तिला पोकळ पोट असण्याची गरज नाही. लोहचुंबक आणि तारेचे वेटोळे पोलादी तारेचे कंपन टिपतात, त्याचा विद्युतप्रवाह होतो आणि ध्वनिवर्धकातून तो नादरूपाने बाहेर येतो. 1954 साली लिओ फेंडर यांच्या कारखान्यातून जी स्ट्रॅटोकास्टर गिटार बाहेर पडली, तिच्या घोडीवर सहा तारांसाठी सहा स्वतंत्र बैठका होत्या, आणि प्रत्येक बैठक स्क्रूने वरखाली व मागेपुढे करता येत होती. आज मुंबई-पुण्यातल्या महाविद्यालयांपासून कोल्हापूर-नागपूरपर्यंत अशा धर्तीच्या गिटारी तरुणांच्या हाती दिसतात.

समजा, अशा एखाद्या तरुणाची गिटार खरखरू लागली. तार छेडली की स्वराबरोबर एक कोरडी, धातूची कुरकुर ऐकू येते. तरुणाचा पहिला विचार असा की, घोडी जुनी झाली, ती बदलून टाकावी. बाजारात नवी घोडी मिळते, चार स्क्रू काढले की जुनी निघते. मग अडचण कसली? अडचण ही की, खरखर घोडीत आहे हे अजून ठरलेलेच नाही. जाणता कारागीर प्रथम काहीही उघडत नाही, तो ऐकतो. मोकळी तार छेडली असता खरखर येते आणि कोठल्याही पडद्यावर बोट दाबले असता थांबते, तर दोष बहुधा मानेच्या वरच्या टोकाला आहे. तेथील खाच झिजून खोल गेलेली आहे. एकाच पडद्यावर बोट ठेवल्यावर खरखर येते, तर त्याच्या पुढचा पडदा उंच उठलेला आहे आणि तार त्याला घासते आहे. मानेजवळच्या पाचसहा पडद्यांवर ती येते, तर लाकडी मान मागे झुकली आहे. मानेच्या पोटात बसविलेली पोलादी सळई किंचित सैल केली की तारेला हवी तेवढी पोकळी मिळते. पावसाळ्यात फुगणारे आणि उन्हाळ्यात आक्रसणारे लाकूड असे खेळ नेहमीच करते. बरे, कित्येकदा खरखर तारेची नसतेच. घोडीवरचा एखादा सैल स्क्रू किंवा स्प्रिंग आपल्या जागी थरथरत असतो, आणि बोटाने नुसता दाबून धरला तरी आवाज बंद होतो.

ही सर्व चौकशी झाल्यावर एक तार तिच्या संपूर्ण लांबीत, मोकळी असो वा दाबलेली, खरखरतच असेल, आणि तो आवाज घोडीपाशीच उमटत असेल, तेव्हा घोडीवर दोष ठेवता येतो. मग बदलणे आले. पण तेही डोळे मिटून नव्हे. जुन्या घोडीच्या स्क्रूंमधले अंतर, तारांमधले अंतर, घोडीची उंची ही सर्व मोजून नवी आणावी लागते. मानेचा पृष्ठभाग ज्या गोलाईचा आहे त्याच गोलाईने सहा तारांच्या बैठका लावाव्या लागतात. बाराव्या पडद्यावर तार आणि पडदा यांत साधारण दीड ते दोन मिलिमीटर अंतर ठेवतात. शेवटी बाराव्या पडद्यावर तारेला हलकेच स्पर्श करून मिळणारा स्वर आणि तेथेच बोट दाबून मिळणारा स्वर हे दोन्ही एक येतात की नाही, ते पाहतात. दाबलेला स्वर चढा निघाला तर बैठक मागे सरकवून तार लांब करावयाची. उतरा निघाला तर पुढे आणावयाची. एका तारेचे असे सहा वेळा करावे तेव्हा सहा तारा एकमेकींशी सुखाने नांदतात.

आता या गोष्टीतील खरे मर्म येते. घोडीपाशी उमटणारी ही खरखर का होते? गिटारीच्या बैठकीवरून तार जेथे सुटते, तेथे एक नेमका, धारदार बिंदू असावा लागतो. तार तेथपर्यंत स्थिर आणि त्यापुढे मुक्त, अशी स्वच्छ सीमा हवी. पोलादी तार वर्षानुवर्षे घासून ती कड झिजली, खाच रुंद आणि चपटी झाली, म्हणजे ही सीमा पुसट होते. तार कंप पावताना त्या चपट्या जागेवर पुन्हा पुन्हा टेकते आणि उठते, टेकते आणि उठते. पाश्चात्त्य कारागिरांनी या दोषाचे वर्णन करण्यासाठी एक उपमा वापरली आहे. ते म्हणतात, गिटार सतारीसारखी वाजू लागली. गिटारीच्या दुकानात हे वाक्य तक्रार म्हणून बोलले जाते. मिरजेच्या गल्लीत तेच वाक्य प्रशस्तिपत्र ठरेल.

कारण ज्याला तेथे दोष म्हणतात, तो येथे मुद्दाम, कष्टाने आणि अचूक मापाने घडविला जातो. त्याचे नाव जवारी. तंबोऱ्याची घोडी गिटारीच्या बैठकीसारखी धारदार नसते. ती रुंद असते आणि तिच्या माथ्यावर अगदी सूक्ष्म उतार असतो. तो उतार इतका मंद असतो की नुसत्या डोळ्यांना पृष्ठभाग सपाटच वाटावा. तार त्या उतारावरून हळूच सुटते. ती छेडली म्हणजे तिचा स्पर्शबिंदू एका जागी राहत नाही. कंपनाबरोबर तो त्या उतारावर मागेपुढे होतो, आणि तार घोडीला निसटता स्पर्श करीत राहते. शिवाय तार आणि घोडी यांमध्ये सुताचा किंवा रेशमाचा एक दोरा सरकविलेला असतो. तो केसभर पुढे-मागे केला की आतापर्यंत मुकी असलेली तार एकाएकी उमलते. गवयाने मैफलीपूर्वी मान वाकवून, डोळे मिटून हा दोरा सरकविताना श्रोत्यांनी अनेकदा पाहिले असेल. तो तार लावीत नसतो. तार तर आधीच स्वरात असते. तो तिला बोलती करीत असतो.

जवारी काढण्याचे काम पाहणे हा एक विलक्षण अनुभव आहे. कारागीर तंबोरा आडवा ठेवतो, तारा सैल करून बाजूला सारतो, आणि घोडीच्या माथ्यावर बारीक कानस फिरवितो. चारदोन हात, बस. लगेच तारा जागेवर आणून, पुन्हा स्वरात लावून, तो ऐकतो. तार घोडीवर कोठे घासली त्याचा पुसटसा माग पृष्ठभागावर दिसतो, तो पाहतो, पुन्हा तारा सैल, पुन्हा दोन हात. चार तारांच्या चार वाटा, आणि प्रत्येकीची जाडी निराळी, ताण निराळा, म्हणून प्रत्येकीचा उतारही निराळा. या कामात घाई करणाऱ्याला क्षमा नाही. लाकडाला जोड देता येतो, भोपळ्याला चीर पडली तर ती सांधता येते; पण घोडीवरून एकदा घासून गेलेला कण परत बसविता येत नाही. एक हात अधिक पडला की तार बसकी होते किंवा कर्कश खरखरते, आणि मग तो एक चुकीचा हात पुसून काढण्यासाठी संपूर्ण माथा पुन्हा खाली आणावा लागतो. दर खेपेला घोडी थोडी थोडी संपत जाते. खरखर आणि झंकार यांच्यामधली सीमा अशी कागदाच्या जाडीपेक्षाही बारीक असते, आणि ती पट्टीने मोजता येत नाही. ती कानालाच ठरवावी लागते.

शिकलगाराचा हात येथे कामाला आला. तलवारीची धार काढणे म्हणजे तरी काय? पोलादाच्या कडेवरून नेमका हवा तेवढाच कण काढणे, आणि त्यापुढे थांबणे. थांबण्याची ती विद्या त्याच्यापाशी होतीच. फरक इतकाच की, पूर्वी त्याची परीक्षा डोळा आणि अंगठा घेत. आता ती कान घेऊ लागला.

जवारी बरोबर लागली म्हणजे काय होते ते तंबोऱ्याजवळ बसून ऐकावे. पहिली तार पंचमाची, मधल्या दोन जोडीच्या षड्जाच्या आणि चौथी खर्जाची. चारांपैकी एकही तार गांधाराला लावलेली नाही. तरीही तंबोरा जमला की त्या नादाच्या गाभ्यातून गांधार स्पष्टपणे ऐकू येतो. गवई त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. खर्जाच्या तारेत मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनांचे उपस्वर दडलेले असतात, आणि पाचपट कंपनाचा उपस्वर हाच तो गांधार. तो तारेत नेहमीच असतो. जवारी त्याला बाहेर आणते.

हे कसे घडते, याकडे शास्त्रज्ञांचे लक्ष वेधणाऱ्यांत चंद्रशेखर वेंकट रामन हे अग्रणी होत. नोबेल पारितोषिक त्यांना 1930 साली मिळाले ते प्रकाशाच्या संशोधनासाठी. परंतु त्यापूर्वी कित्येक वर्षे ते कलकत्त्यात वाद्यांच्या ध्वनीचा अभ्यास करीत होते. 1921 साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात त्यांनी तंबोरा आणि वीणा यांच्या घोडीचा विचार केला. युरोपात यंग आणि हेल्महोल्ट्झ यांच्या नावाने एक नियम मानला जात असे. तारेचा जो बिंदू एखाद्या उपस्वराच्या वेळी स्थिर असतो, नेमका तोच बिंदू छेडला तर तो उपस्वर निघू नये, असा तो नियम. तंबोऱ्यावर रामन यांना तो नियम मोडलेला आढळला. जो उपस्वर गैरहजर असावा तोच जोराने हजर होता. याचे कारण त्यांनी घोडीच्या वक्र माथ्यात आणि तारेच्या त्या निसटत्या स्पर्शात शोधले. तार घोडीवर टेकते तेव्हा तिचे बळ एका स्वरातून दुसऱ्या स्वराकडे वाटले जाते. खालच्या स्वराची शक्ती वरच्या उपस्वरांना मिळते, आणि काळाबरोबर हे वाटप बदलत राहते. म्हणूनच तंबोऱ्याचा नाद छेडल्याक्षणी संपत नाही. तो छेडल्यावर उमलतो. ज्याने ती घोडी प्रथम घडविली त्या अनामिक कारागिराला हा सिद्धांत ठाऊक नव्हता. पण त्याच्या कानाला तो पटलेला होता.

पाश्चात्त्यांनाही पुढे या नादाचे वेड लागले. 1960 नंतरच्या दशकात पंडित रविशंकरांची सतार जगभर ऐकू येऊ लागली, तेव्हा अमेरिकेत विन्सेंट बेल या गिटारवादकाने विजेच्या गिटारीला मुद्दाम रुंद आणि चपटी घोडी बसविण्याची युक्ती काढली. 1967 साली ते वाद्य विजेची सतार म्हणून बाजारात आले. ज्या खरखरीसाठी गिटारवाले घोडी बदलून टाकीत, त्याच खरखरीसाठी आता त्यांनी घोडी बदलली! एकाच घर्षणाला एका घरी रोग म्हणावे आणि दुसऱ्या घरी प्राण म्हणावे, याहून बोलके उदाहरण कोणते? यावरून काहीही चांगले अथवा वाईट नाही असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे होईल. गिटारीवर सतारीचा आवाज हा दोषच आहे, कारण गिटारीत अनेक स्वर एकाच वेळी छेडून त्यांचा मेळ घालावयाचा असतो, आणि तेथे प्रत्येक स्वर स्वच्छ सुटला नाही तर मेळाचा गोंधळ होतो. तंबोऱ्याला असा मेळ घालावयाचा नसतो. त्याला गाणाऱ्याच्या पाठीशी एक अखंड, भरलेले आकाश उभे करावयाचे असते. वाद्याचे प्रयोजन काय, हे आधी ठरले पाहिजे. मग कानस कोठे थांबवावी हे ठरते.

आणि प्रयोजन गाणाऱ्याकडून कळते. या संबंधात मिरजेच्या इतिहासात एक मोठे नाव आहे, आणि आश्चर्य असे की ते नाव पुन्हा काला अंबच्याच परिसरात नेऊन सोडते. पानिपतहून यमुना ओलांडून पलीकडे गेले म्हणजे जवळच कैराना हे गाव लागते. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांचा जन्म त्या गावचा, आणि त्याच गावावरून त्यांच्या घराण्याला किराणा हे नाव मिळाले. तेथून निघून ते बडोद्यामार्गे दक्षिणेत आले. पुण्यात त्यांनी आर्य संगीत विद्यालय चालविले, आणि मिरजेला आपले घर केले. 1761 साली दक्षिणेतून निघालेली माणसे त्या मुलखात जाऊन पडली; दीडशे वर्षांच्या आतबाहेर त्याच मुलखातून निघालेला एक सूर दक्षिणेत येऊन रुजला.

खाँसाहेबांचे सारे गाणे स्वराच्या सत्यावर उभे होते, आणि म्हणून तंबोरा हा त्यांच्या लेखी केवळ साथीचा नव्हता. वाद्यांच्या दुरुस्तीत ते स्वतः निष्णात होते. जवारी लावण्याची कला त्यांच्या हाती होती. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि इंग्रज अधिकारी क्लेमेंट्स हे श्रुतींचे मोजमाप करीत होते, तेव्हा त्या अभ्यासाला खाँसाहेबांच्या कंठाचा आणि कानाचा आधार मिळाला. असा गवई ज्या गावात राहतो, त्या गावातल्या कारागिराला हलक्या कामाची मुभा राहत नाही. त्याने केलेली जवारी दुसऱ्याच दिवशी जगातल्या सर्वांत चोखंदळ कानाखालून जाणार असते. मराठीत ‘जवारीदार आवाज’ असा शब्दप्रयोग गवयाच्या गळ्यासाठी रूढ आहे. लाकडावरच्या कारागिरीचा शब्द मानवी कंठाला भूषण म्हणून द्यावा, यातच त्या कारागिरीचा मान दिसून येतो.

या मानाचे आज काय होत आहे? 1979 साली बंगळूरला विजेवर चालणारा तंबोरा तयार झाला. लहानशी पेटी, कळ दाबली की सूर सुरू. तिच्या उपयोगाबद्दल शंका नाही. प्रवासात, लहान जागेत, एकट्याने रियाज करणाऱ्या विद्यार्थ्याला ती वरदानच ठरली; आणि आता तर तोच सूर खिशातल्या फोनमधूनही निघतो. परंतु पेटीला जवारी लावावी लागत नाही. ती रोज सारखीच वाजते, आणि सारखेपणाची सवय लागलेला कान बारकावा विचारीनासा होतो. जुना विद्यार्थी तंबोरा लावावयास शिके, म्हणजे आधी ऐकावयास शिके. कोठे तार बसली, कोठे दोरा सरकला, हवेतल्या ओलाव्याने आज नाद कसा बदलला, याची त्याला रोज दखल घ्यावी लागे. नव्या विद्यार्थ्याला ही तसदी उरलेली नाही. मागणारा कान नाहीसा झाला की देणारा हात हळूहळू थांबतो. तलवारीच्या बाबतीत हेच घडले होते.

घोडीच्या साहित्याचाही प्रश्न आहे. पूर्वी तिच्या माथ्यासाठी हस्तिदंत आणि सांबरशिंग वापरीत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून ते योग्य रीतीने बंद होत गेले, आणि कारागिरांनी उंटाचे हाड, टणक लाकूड आणि कृत्रिम द्रव्ये यांवर हात बसविला. प्रत्येक द्रव्याची झीज निराळी, म्हणून प्रत्येकाची कानसही निराळी शिकावी लागली. भोपळे अजूनही सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याच्या बाजूने येतात. पण ओंजळीत मावणारा आणि पुरुषभर उंचीच्या तंबोऱ्याला शोभणारा, असे दोन्ही भोपळे शेतातच येतात, आणि शेतकऱ्याने ते पेरणे परवडेपर्यंतच येतात. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. मिरजेच्या नावाने दुसरीकडचा माल खपविला जाऊ नये, यासाठी या मानांकनाचा उपयोग होईल. नावाचे रक्षण कायदा करील. जवारीचे रक्षण मात्र कायद्याला करता येणार नाही. ते बापाशेजारी बसून मुलानेच करावयाचे असते, आणि तो मुलगा त्या कामावर संसार करू शकला तरच तो बसेल. जुना तंबोरा कोपऱ्यात टाकून देण्याऐवजी वर्षाकाठी एकदा कारागिराकडून त्याची जवारी करून घेणारी घरे आणि संगीतशाळा जितक्या असतील, तितकेच दिवस ही विद्या राहील. तिला टिकविण्याचा याहून सोपा आणि याहून खात्रीचा मार्ग दिसत नाही.

अब्दुल करीम खाँसाहेब 27 ऑक्टोबर 1937 रोजी पैगंबरवासी झाले. मिरजेच्या मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांना चिरविश्रांती मिळाली. दर्ग्याच्या उरुसात तेथील चिंचेच्या झाडाखाली त्यांच्या स्मरणार्थ संगीतसभा भरते. दूरदूरचे गवई येतात आणि बिदागीची अपेक्षा न ठेवता स्वरांची हजेरी लावून जातात. सभा सुरू होण्यापूर्वी तंबोरे बाहेर काढले जातात, तारा लागतात, आणि घोडीवरचे दोरे हलकेच सरकविले जातात.

काला अंबचे झाड आज नाही. त्याच्या सावलीत जे लोखंड झिजले, त्याची धार ज्या जातीच्या हातांनी काढली होती, त्याच हातांचे वारस या दुसऱ्या झाडापासून थोड्याच अंतरावर, आपल्या लहानशा दुकानात मान वाकवून बसलेले असतात. कानस दोनदा फिरते आणि थांबते. तार पुन्हा स्वरात येते. क्षणभर फक्त खरखर ऐकू येते. मग दोरा केसभर सरकतो, आणि कोणी न छेडलेला गांधार उमटतो.